नागपूरला नेताना बॅगेत कोणता कॅल्क्युलेटर?

भावाचा फोन आला तेव्हा शिकागोत रात्र होती आणि नागपुरात सकाळ. "ताई, डिसेंबरात येशील तं एक कॅल्क्युलेटर घेऊन ये. प्रोग्रामेबलच आण. सूत्रं भरून ठेवतो, मग फायनान्सचंही त्याच्यातच होऊन जाते."

तो मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी सांभाळून सीएफएच्या, म्हणजे गुंतवणूक आणि फायनान्सच्या परीक्षेच्या, पहिल्या लेव्हलची तयारी करून राहिला आहे. त्याचं म्हणणं मला एकदम पटलं, कारण माझाही बरीच वर्षं तोच समज होता: सायंटिफिक प्रोग्रामेबल म्हणजे मोठा, आणि फायनान्शियल म्हणजे त्याचाच एक लहानसा तुकडा.

नागपूरला सिव्हिल करताना आमच्या सगळ्यांकडे कॅसिओचा एफएक्स-९९१ असायचा. प्रोग्रामेबल परीक्षेत चालायचा नाही, त्यामुळे तो शब्दच आम्हाला कॉपीच्या चिठ्ठीसारखा वाटायचा. इथे अमेरिकेत आल्यावर इंजिनिअरच्या लायसन्सच्या वाटेवरची एफई परीक्षा दिली. तिच्यात चालणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या यादीत कॅसिओचे ९९१ आणि ११५, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-३०एक्स आणि टीआय-३६एक्स आहेत, आणि एचपीचे ३३एस आणि ३५एससुद्धा. हे दोन्ही एचपी चक्क प्रोग्रामेबल! ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांचा ३५एस माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आठ दिवस वापरून बघ.

त्यात आरपीएन नावाची आकडे भरायची पद्धत वापरता येते. आधी दोन्ही आकडे, क्रिया शेवटी, आणि 'बरोबर'ची कळ लागतच नाही. इथल्या मित्रांना ते उलटं वाटतं. मला नाही वाटलं. "पाचात तीन मिळव" असंच तर आपण बोलतो, क्रियापद शेवटी.

पण जीव जडला तो त्यातल्या सॉल्व्हवर, म्हणजे सूत्रातली न कळलेली किंमत शोधून देणाऱ्या सोयीवर, आणि मग मी स्वतःचाच ३५एस घेतला. माझं काम पावसाच्या पाण्याच्या पाइपलाइनचं. प्रवाह माहीत, उतार माहीत, पाइपात पाणी किती उंचीवर चालेल ते काढायचं. पाण्याच्या प्रवाहाचं मॅनिंगचं सूत्र सिव्हिलवाल्यांना पाठच असतं, पण पाण्याची खोली त्या सूत्रातून बाहेर काढून एका बाजूला मांडता येत नाही. क्षेत्रफळातही ती आहे आणि ओल्या परिघातही, म्हणजे पाइपाचा जेवढा काठ पाण्याला लागतो त्यातही. यंत्र एक अंदाज धरतं, चूक बघतं, सुधारतं, पुन्हा बघतं. सूत्र एकदा लिहून ठेवलं की ते एकेक अक्षराची किंमत विचारत जातं आणि उरलेलं काढून देतं.

कर्जाचा व्याजदर अगदी असाच अडकलेला असतो. मुद्दल, हप्ता आणि महिने दिले तर दर काढायचं सरळ सूत्र नाही. तिथेही अंदाज आणि सुधारणा. मग भावाचं बरोबरच होतं की! ३५एसमध्ये मी हप्त्याचं सूत्र लिहिलं आणि उत्तरं बरोबर आली. फक्त शून्य टक्क्यांच्या हप्त्याला ते कोलमडलं, कारण सूत्रात दराने भागावं लागतं. त्यासाठी वेगळी ओळ लिहिली. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी, त्यासाठी आणखी एक. दरवर्षी वेगळी रक्कम येणाऱ्या प्रकल्पाचा आयआरआर, म्हणजे त्यातून सुटणारा परताव्याचा दर, काढायला बसले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते.

हे सगळं फायनान्शियल कॅल्क्युलेटरमध्ये आधीच कोरलेलं असतं. पाच कळा: मुदत, दर, आजची रक्कम, हप्ता, शेवटची रक्कम. चार सांगा, पाचवी घ्या. शिवाय सीएफएच्या परीक्षेत दोनच घराणी चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपी १२सी. एचपी १२सी १९८१ सालचा, अजूनही विकला जातो. तोही आरपीएनवाला, ९९ ओळींपर्यंत प्रोग्राम घेणारा, पण त्यात साइन-कॉस नाहीत. भावाला आरपीएनची सवय नाही आणि परीक्षा जवळ. म्हणून मी बीए टू प्लस घेतला. माझा ३५एसही बॅगेत टाकला, त्याला दाखवायला.

घरी पोचले त्या संध्याकाळी संत्र्यांची पाटी मध्ये ठेवून आम्ही बसलो. भावाने डबा उघडून पहिल्यांदा तीन अधिक दोन गुणिले चार केलं. उत्तर वीस! "ताई, हे खराब आहे." खराब नव्हतं. बीए टू प्लस सुरुवातीला साखळी पद्धतीवर असतो, जसं दाबाल तसं करत जातो. गुणाकार आधी हवा असेल तर फॉरमॅटमध्ये जाऊन 'एओएस' निवडायचं, मग अकरा येतात. हे घेतल्याच दिवशी करून टाका. पी/वाय किती आहे तेही तेव्हाच बघा, म्हणजे वर्षाला हप्ते किती. तिथे १ असेल तर महिन्याचा दर मिळेल आणि १२ असेल तर वर्षाचा.

मग खरं गणित आलं. भावाला गाडी घ्यायची होती आणि एका फायनान्सवाल्याने ५ लाखांवर "फक्त ८ टक्के फ्लॅट" सांगितलं होतं. पाच वर्षांचं व्याज २ लाख, एकूण ७ लाख, हप्ता ११,६६७. दुसरीकडे बँकेचा दर साडेनऊ, घटत्या शिलकेवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच. आठ कमी की साडेनऊ? भाऊ म्हणाला, आठ.

त्याने ६० महिने, ५ लाख आणि हप्ता भरून दर मागितला. एरर ५. बाबा इतका वेळ गप्प होते. आयुष्य सहकारी बँकेत गेलं त्यांचं, व्याजाच्या रेडी रेकनरवर, म्हणजे तयार आकड्यांच्या तक्त्यांवर. म्हणाले, "अरे, एक जमा आहे, एक नावे. दोन्ही एकाच बाजूला काऊन लिहितो?" हातात आलेले पैसे अधिक, हातातून जाणारे उणे. हप्त्याला उणे लावलं आणि दर आला: वर्षाला १४.१ टक्के. फ्लॅट दर शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ५ लाखांवर व्याज लावतो, मुद्दल फिटत गेलं तरी. बँकेच्या साडेनऊचा हप्ता निघाला १०,५०१. पाच वर्षांत जवळपास ७० हजारांचा फरक. कोणी काही बोललं नाही. आईने भावाकडे पाहिलं.

तेच गणित मी ३५एसवर केलं. उत्तर तेच. पण मला आधी सूत्र आठवावं लागलं, आणि बाबांना त्यात जमा-नावे दिसलं नाही. पाच कळांमध्ये त्यांना ते लगेच दिसलं. म्हणून मला वाटतं, प्रश्नाचा साचा रोज बदलत असेल, आज पाइप, उद्या तुळई, तर प्रोग्रामेबल घ्या आणि आपली सूत्रं आपण लिहा. प्रश्न पैशाचाच असेल तर फायनान्शियल घ्या, आणि त्या आधी परीक्षेची यादी बघा. एकातच दोन्ही भागवायच्या नादात माझी एक अख्खी रात्र गेली होती. ३५एसचं उत्पादनही आता बंद झालंय, जुनाच शोधावा लागतो.

गाडी बँकेच्या कर्जावर आली. माझा ३५एस माझ्यासोबत परत आला. बीए टू प्लस भावाकडे, पण रविवारी तो बाबांकडे असतो. शेजारच्या काकांच्या घराच्या कर्जाचे कागद तपासून राहिले आहेत म्हणे.