तुम्ही विचारलंत म्हणून: स्टँडबाय मागे पडला, रीस्टार्ट करू का?

डेटाबेसचे काम करणारी नवी मुले मला वारंवार एकच प्रश्न विचारतात: स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, प्रत सांभाळणारा दुसरा सर्व्हर) मागे पडला आहे, लॅग, म्हणजे दोघांमधले अंतर, वाढतच चालला आहे, रीस्टार्ट करू का? माझे उत्तर दर वेळी ‘इतक्यात नको’ असेच असते. त्यामागची कारणे फोनवर घाईघाईत नीट सांगता येत नाहीत, म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहे. माझे रोजचे काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते, त्यामुळे हे उत्तरही पोस्टग्रेसपुरतेच आहे.

प्रायमरीवर होणारा प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिला जातो आणि तीच नोंद स्टँडबायकडे जाते. नोंद प्रायमरीने पाठवली, स्टँडबायने ती लिहून घेतली, डिस्कवर पक्की केली आणि शेवटी आपल्या डेटावर लागू केली (यालाच रिप्ले म्हणतात), असे हे चार टप्पे आहेत. प्रायमरीवरील ‘पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन’ या व्ह्यूमध्ये या चारही टप्प्यांवर गाडी कुठवर आली आहे, ते एकाच ओळीत दिसते. मॉनिटरिंगच्या पडद्यावर दिसणारा ‘लॅग इतकी मिनिटे’ हा एकच आकडा मात्र यातले काहीच सांगत नाही. प्रायमरीच्या ताज्या स्थानापेक्षा ‘पाठवले’ हेच मागे असेल, तर नेटवर्ककडे किंवा प्रायमरीवरील ताणाकडे पाहावे लागते. ‘पाठवले’ आणि ‘पक्के केले’ यांत अंतर असेल, तर नेटवर्कबरोबरच स्टँडबायची डिस्कही संशयात येते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पहिली तिन्ही स्थाने एकमेकांना लागून असतात आणि फक्त चौथे, म्हणजे रिप्लेचे स्थान, मागे रेंगाळत असते. अशा वेळी नेटवर्कवाल्यांना रात्री उठवण्यात काहीच अर्थ नसतो.

मिनिटांचा आकडा आणखी एका प्रकारे फसवतो. अनेक ठिकाणी तो स्टँडबायवर लागू झालेल्या शेवटच्या व्यवहाराची वेळ आत्ताच्या वेळेतून वजा करून काढलेला असतो. रविवारी पहाटे प्रायमरीवर कोणी काही लिहीतच नसेल, तर स्टँडबाय पूर्ण बरोबरीत असूनही हा आकडा वाढत राहतो. उलट, केवळ स्टँडबायवर बसून ‘मिळाले’ आणि ‘लागू केले’ यांची तुलना केली, तर नोंदी येणेच बंद झालेले असतानाही दोन्ही स्थाने सारखी दिसतात आणि सगळे आलबेल वाटते. म्हणून तुलना नेहमी प्रायमरीच्या चालू स्थानाशी करावी आणि बाइटमध्ये करावी.

रिप्ले का अडतो, याचे एक ठरलेले कारण एका वितरण कंपनीच्या महिनाअखेरीच्या कामात मी जवळून पाहिले. हिशेबाचे मोठे रिपोर्ट मुद्दाम स्टँडबायवर चालवले जात होते, आणि ते मध्येच तुटू नयेत म्हणून कोणीतरी ‘मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले’ची, म्हणजे आड येणाऱ्या क्वेरीसाठी रिप्लेने किती थांबायचे हे ठरवणाऱ्या सेटिंगची, किंमत उणे एक, म्हणजे ‘कितीही वेळ थांब’, अशी करून ठेवली होती. त्या संध्याकाळी प्रायमरीवर एका टेबलाला नवा कॉलम जोडला गेला. प्रायमरीवर ते काम क्षणात झाले, पण त्यासाठी घेतलेल्या लॉकची, म्हणजे इतरांना ते टेबल तात्पुरते बंद ठेवणाऱ्या कुलपाची, नोंदही वॉलमधून स्टँडबायवर येते, आणि तेथे त्याच टेबलावर रिपोर्टची लांबलचक क्वेरी चालू होती. स्टँडबायवर ‘पीएस’ ही चालू प्रक्रिया दाखवणारी कमांड दिल्यावर, नोंदी लागू करणाऱ्या स्टार्टअप प्रक्रियेच्या ओळीत वॉलच्या फाइलचे नाव आणि त्यापुढे ‘वेटिंग’ हा शब्द दिसत होता. कितीही वेळा पाहिले तरी फाइलचे नाव तेच होते. प्रोसेसर निवांत, डिस्क निवांत, नोंदी व्यवस्थित येत होत्या, आणि त्या लागू करणारी एकमेव प्रक्रिया एका क्वेरीपुढे हात बांधून उभी होती. हिशेब विभागाशी बोलून ती क्वेरी थांबवली आणि रिप्ले लगेच पुढे सरकला. रीस्टार्ट केला असता तरी लॅग उतरला असता, पण सगळेच रिपोर्ट तुटले असते, आणि पुढच्या महिनाअखेरीस तोच प्रकार पुन्हा घडला असता.

या सेटिंगची मूळ किंमत 30 सेकंद आहे. तेवढ्या मुदतीत वाट मोकळी झाली नाही, तर आड येणारी क्वेरी रद्द होते. यावर बरेच जण ‘हॉट_स्टँडबाय_फीडबॅक’, म्हणजे आपल्या क्वेरींना कोणत्या जुन्या ओळी अजून लागतात ते स्टँडबायने प्रायमरीला कळवण्याची सोय, चालू करण्याचा सल्ला देतात. व्हॅक्यूम या सफाईच्या कामाने जुन्या ओळी साफ केल्यामुळे होणारे संघर्ष त्याने टळतात हे खरे, पण त्या ओळी मग प्रायमरीवर साचत राहतात, आणि वर सांगितलेल्या लॉकच्या संघर्षाला तर त्याचा काहीच उपयोग नाही. त्यातही व्हॅक्यूम टेबलाच्या शेपटाची रिकामी जागा कापताना तसाच कडक लॉक घेतो, त्यामुळे कोणी टेबलात बदल केला नसतानाही रिप्ले अडू शकतो. माझे स्पष्ट मत असे, की लांब रिपोर्टसाठी एक स्टँडबाय आणि प्रायमरी पडल्यास जागा घेण्यासाठी दुसरा, अशी विभागणी करावी. दोन्ही कामे एकाच सर्व्हरकडून नीट होत नाहीत.

रिप्ले अडलेला नसून नुसता हळू असेल, तर कारण वेगळे असते. प्रायमरीवर शेकडो जोडण्या एकाच वेळी लिहीत असतात आणि स्टँडबायवर ते सारे एकच प्रक्रिया ओळीने लागू करते, त्यामुळे त्याला जादा कोअर देऊन फरक पडत नाही. फरक पडतो तो डिस्कच्या वेगाने, मेमरीने आणि प्रायमरीवरचे मोठे अपडेट तुकड्यांत केल्याने. 2022 साली आलेल्या 15व्या आवृत्तीपासून रिप्लेला लागणारी पाने आधीच वाचून ठेवण्याची सोय आहे, तिचाही उपयोग होतो.

या सगळ्यात स्लॉटकडे, म्हणजे स्टँडबाय कुठवर पोचला हे प्रायमरीवर लक्षात ठेवणाऱ्या नोंदीकडे, लक्ष हवे. स्टँडबाय मागे असेपर्यंत स्लॉट प्रायमरीवरच्या वॉल फाइली धरून ठेवतो, आणि 13व्या आवृत्तीत आलेली ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज’ ही मर्यादा कोणी घातली नसेल, तर डिस्क भरून प्रायमरीच बंद पडते. मर्यादा ओलांडून फाइली गेल्या आणि त्या अर्काइव्हमध्येही, म्हणजे वॉल फाइलींच्या वेगळ्या साठ्यातही, नसल्या, तर मात्र स्टँडबाय नव्याने उभारण्यावाचून इलाज उरत नाही.

ते काम घाईत करू नये. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत ताणामुळे स्टँडबाय मागे पडला आणि त्याला हव्या असलेल्या वॉल फाइली प्रायमरीवरून आधीच निघून गेल्या होत्या. नव्याने उभारणी करताना ‘पीजी_बेसबॅकअप’ हा प्रायमरीची पूर्ण प्रत घेणारा प्रोग्रॅम काहीच न बोलता थांबून राहिला, आणि त्या गोंधळात स्टँडबायऐवजी प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे 300 जीबी डेटा गेला आणि सहा तासांपूर्वीच्या प्रतीवरून सेवा परत उभी करावी लागली. त्यांनी हे सारे मोकळेपणाने जाहीर केले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. ‘पीजी_बेसबॅकअप’ मुळात प्रायमरीवरचा चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचे काम, सावकाश पुरा होण्याची वाट पाहतो, म्हणून त्याला ‘फास्ट’ चेकपॉइंटचा पर्याय द्यावा आणि प्रगती दाखवण्याचा पर्यायही चालू ठेवावा. कमांड देण्यापूर्वी आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत, हे त्याच खिडकीत विचारून घ्यावे. जुनी डेटा डिरेक्टरी पुसण्याऐवजी नाव बदलून बाजूला ठेवावी, आणि डिस्कवर जागा असेल तर नवा स्टँडबाय प्रायमरीच्या बरोबरीला येईपर्यंत ती तशीच राहू द्यावी.