ध्यान लागतं का?

रविवार, रात्री साडेनऊ

आईने आज फोनवर पुन्हा विचारलं, "मग, लागतं का गं ध्यान?" योकोहामात येऊन झाझेनला, म्हणजे झेन बौद्धांच्या बसून करायच्या ध्यानाला, बसायला लागले, त्याला दोन वर्षं झाली. पहिल्यापासून तिचा हाच प्रश्न. मी "थोडं थोडं" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर खट्टू व्हायचे. कारण लागत काहीच नव्हतं.

पहिल्यांदा बसले ती इथल्याच त्सुरुमी भागातल्या सोजिजी मठात. झेनमधल्या सोतो पंथाच्या दोन मुख्य मठांपैकी हा एक. मूळचा नोतो द्वीपकल्पातला, १८९८ च्या आगीनंतर १९११ मध्ये इथे हलवलेला. तिथे जे शिकवलं, त्यात मनाबद्दल जवळजवळ काही नव्हतंच. झाफू म्हणजे गोल, टणक उशी. आत आपल्या गाद्या-उशांत असतो तसा सावरीचा कापूस. तिच्या पुढच्या अर्ध्यावर बसायचं, दोन्ही गुडघे खाली टेकवायचे. उजव्या तळव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. तोंड भिंतीकडे. आणि डोळे मिटायचे नाहीत! ध्यान म्हटलं की आपले डोळे आधी मिटतात, त्यामुळे मला हेच सगळ्यांत जड गेलं. १२२७ मध्ये चीनहून परतलेल्या, जपानात सोतो पंथ सुरू करणाऱ्या दोगेन यांनी बसण्याची जी रीत लिहून ठेवली, तिच्यातही हेच आहे: कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या रेषेत, डोळे उघडे.

घरी वर्षभर श्वास मोजले. एक ते दहा, मराठीतच. चुकलं की परत एक. दहा गाठले की जमलं, असं वाटायचं. मग एका सकाळी सलग तीनदा दहा झाले आणि ध्यानात आलं, आकडे पाढ्यासारखे आपोआप चाललेत आणि त्यांच्याखाली मी दादाशी घराच्या वाटणीवरून भांडतेय. त्यानंतर हळूहळू मोजणं सोडलं. सोतोत याला शिकान्ताझा म्हणतात, नुसतं बसणं. मोजण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, धरायला काहीच उरत नाही.

अंगठे मात्र चहाडी करतात. पेंग आली की ते खाली गळतात, मन ताणलं की वर उचलून एकमेकांना रेटायला लागतात. आज सकाळी खाली नजर गेली तर नखं पांढरी पडलेली. दादा आलाच होता. तीच वाक्यं, माझी उत्तरं आणखी धारदार केलेली. दातांवर दात घट्ट बसले होते आणि श्वास गळ्याशीच अडला होता. पूर्वी मी त्याला हाकलून पुन्हा "एक"वर गेले असते. आज हाकललं नाही. तो बोलत राहिला, भिंतीवरचं ऊन बोटभर सरकलं, आणि केव्हातरी नखांत रंग परत आला. भांडण मिटलेलं नाही. पण दादाच्या आवाजातला थकवा मला आज पहिल्यांदा ऐकू आला.

उठताना झाफू फिरवून कडेने दाबला, गोल केला. मठात हे शिकवलं तेव्हा शिस्त वाटली होती, आता त्याशिवाय उठवत नाही.

आईला आज खरं सांगितलं. "ध्यान, झान, चान, झेन, शब्द आपलाच आहे आई. पण लागत नाही. मी बसते, एवढंच."

ती जरा वेळ गप्प राहिली.

"बरं, बस. गुडघ्यांना जप."