आवाज पुढे, चित्र मागे

आईच्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. तिचा चौथ्या पिढीचा. नवीन घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "चालतोय की हा. फक्त आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं, तेवढं बघ."

तिचं सगळं काम ब्राउझरमध्ये. व्याख्यानं, जुनी गाणी, नातवाशी व्हिडिओ कॉल. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स ही सिस्टीम पाहिली, नेटकी आहे, पण तिथे ब्राउझर क्रोम. तिचा हात फायरफॉक्सवर बसलेला, म्हणून लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. यूट्यूबवर १०८०पी लावलं आणि तीच रड! पंखा घोंघावतोय, चित्र अडखळतंय. मिंटला नावं ठेवून मोकळा होणार होतो.

तेवढ्यात व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' ही तांत्रिक माहितीची चौकट उघडली. कोडेकसमोर (म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीसमोर) व्हीपी०९, म्हणजे व्हीपी९, आणि गळालेल्या फ्रेम्सचा आकडा डोळ्यांदेखत वाढतोय. तिथे खरा उलगडा झाला. या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये एच.२६४ हा जुना कोडेक उलगडणारं हार्डवेअर आहे, व्हीपी९चं नाही. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर, मग सिस्टीम कुठलीही असो. विंडोजवरही हेच होत असणार, आणि मी मात्र इतके दिवस इंटरनेटला दोष देत होतो.

मग मिंटच बसवलं. बसवताना 'मल्टिमीडिया कोडेक्स' या चौकटीत टिक करायला विसरू नका, सगळी मेख तिथेच आहे. ग्राफिक्स हार्डवेअरला कोणते कोडेक उलगडता येतात हे दाखवणारं 'व्हीएइन्फो' टर्मिनलमध्ये चालवलं, यादीत एच.२६४ होतं, व्हीपी९ नव्हतं. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये इंटेल ग्राफिक्ससाठी हार्डवेअर डिकोडिंग ११५व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं, त्यामुळे तिथे हात लावावा लागला नाही. शेवटी 'एनहान्स्ड-एच२६४इफाय' हे एक्स्टेन्शन टाकलं. ते यूट्यूबकडून एच.२६४च मागवतं. पुन्हा तोच व्हिडिओ लावला, फुल स्क्रीन केला. कोडेकसमोर आता एव्हीसी१, म्हणजेच एच.२६४. फ्रेम्सचा आकडा दोनवर थांबला तो थांबलाच.

या वाटेने यूट्यूबवर १०८०पीच्या वर जाता येत नाही. तिचा पडदा त्याहून लहानच आहे, त्यामुळे प्रश्न आला नाही. पैसे भरून पाहायच्या सेवांसाठी फायरफॉक्समध्ये डीआरएम, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप, चालू करावं लागलं. काही ठिकाणी लिनक्सवर चित्राचा दर्जा विंडोजपेक्षा कमी मिळतो. ज्यांचं बरंचसं पाहणं तिथेच असतं, त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून आपली सेवा लावून बघावी, मगच डिस्कला हात लावावा.

आईने काल दीड तासाचं व्याख्यान सलग पाहिलं. मध्येच मला हाक मारली: "अरे, पंखा बंद पडला का रे याचा?"