तुम्ही विचारलंत म्हणून : स्लायडर बोल्टनेच का?

पिकअप घेतलेले लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. साइड स्टेप (चढायची पायरी) असताना रॉक स्लायडर, म्हणजे दगडांपासून वाचायला दाराखाली लावायचा जाड पाइप, कशाला? आणि लावायचाच तर सरळ चॅसिसला (गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला) वेल्ड का मारू नये?

पहिल्याचं उत्तर गाडीखाली वाकलं की दिसतं. स्टेपचे ब्रॅकेट पातळ पत्र्याचे, बऱ्याचदा बॉडीलाच पकडलेले. गगनबावड्याकडच्या जांभ्यावर गाडी टेकली की स्टेप वर दुमडते, दाराखालचा पत्रा आत ढकलते, आणि मग दार नीट लागत नाही. स्लायडरने वजन थेट चॅसिसवर घ्यायचं असतं. म्हणूनच लॅडर चॅसिस (शिडीसारखा वेगळा सांगाडा) नसलेल्या गाडीला तो नुसता शोभेचा.

आता वेल्डिंग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम वेल्डर मिळतात, पण प्रश्न त्यांच्या हाताचा नाही. टाक्याशेजारचं पोलाद उष्णतेने बदलतं आणि धक्के खाऊन तडा तिथूनच जातो. चॅसिसच्या आतला रंग जळतो, तिथे ब्रश पोचत नाही. शिवाय वाकलेला स्लायडर बदलायचा तर गॅस कटर आलाच.

पाइप ४० एनबी (दुकानातलं मापाचं नाव), सी क्लास म्हणजे जाड पत्र्याचा घ्या: बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, जाडी ४ मिमी, मीटरला साधारण ४.४ किलो. डबल कॅबला (चार दारांच्या पिकअपला) एका बाजूला चार पाय, म्हणजे पाइप चॅसिसला जोडणारे ब्रॅकेट; प्रत्येकाची चॅसिसला टेकणारी बैठक प्लेट ८ मिमीची. बोल्ट एम १२ (१२ मिमी जाडीचे), ग्रेड ८.८ (मजबुतीचा आकडा), एका पायाला किमान दोन. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचे नेहमीचे बोल्ट घालू नका, ते ८.८ पेक्षा नरम, आणि त्यांचे आटे एकमेकांत चिकटून बसतात.

खरी मेख आहे बंद चौकोनी चॅसिसमध्ये. आरपार बोल्ट घालून आवळला की पोकळ पेटी चेपते. आवळताना घट्ट वाटतं, पण पत्रा दबत राहतो आणि थोड्याच दिवसांत बोल्ट ढिला. म्हणून आत स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवतीची जाड नळी हवी: २० मिमी व्यासाची, १२.५ मिमी भोकाची. लेथवाल्याकडून कापून घेताना लांबी म्हणजे चॅसिसची बाहेरून बाहेर रुंदी, वजा आतल्या बाजूच्या पत्र्याची जाडी. बाहेरच्या पत्र्याला २० चं भोक, आतल्याला १३ चं; स्लीव्ह आतल्या पत्र्यावर टेकते आणि बाहेरून सपाट बसते. आतल्या पत्र्यामागे, नटाखाली, ६ मिमीची पट्टी द्या, नुसता वायसर नको.

भोक फक्त उभ्या बाजूला, उंचीच्या मध्याजवळ. चॅसिस वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या पट्टीवर येतो, तिथे ड्रिल लावायचंच नाही. कंपनीची भोकं जुळत असतील तर उत्तम. ड्रिल आत घुसण्याआधी ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि वायरिंग बाजूला केलंय ना, हे डोळ्यांनी पाहा. भोकाच्या कडांना झिंक प्रायमर.

स्लायडर जॅकवर धरून सगळे बोल्ट आधी हातानेच लावा. बॉडी आणि पाइप यांत २० ते २५ मिमी जागा ठेवा, कारण बॉडी रबरी माउंटवर हलते आणि स्लायडरही थोडा लवचतो. मग आधी मधले पाय आवळा, शेवटी टोकाचे. कोरड्या आट्यांना टॉर्क (आवळायचा जोर) ८० न्यूटन-मीटर. अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणूनची पेस्ट) लावलं असेल तर ६० वर थांबा, नाहीतर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आवळून झाल्यावर एकेका पायाशेजारी जॅक लावून गाडी हळू उचला. पाइप बॉडीला टेकला तर ब्रॅकेट कमजोर आहे, जागा वाढवून भागणार नाही.

बोल्टने लावलं म्हणजे आपोआप कायदेशीर झालं, असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. निदान पाइप गाडीच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका.

पावडर कोटिंग दिसायला झकास, पण पहिल्या दगडाला फाटतं आणि पाणी त्याखाली पसरतं. साधा इनॅमल रंग बरा, घरी मारता येतो. पाइपच्या सर्वांत खालच्या जागी ८ मिमीचं भोक ठेवा, पाणी निघून जाईल. पहिल्या १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा. आपल्याकडच्या पावसात तांबडी माती बैठक प्लेटच्या कडांना ओली बसून राहते, म्हणून ऑक्टोबरात दोन्ही बाजू उतरवून धुवा, वाळवा, रंगाचा हात मारा. परत बसवताना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवे घ्या.