डावा गाल सीरमचा, उजवा ग्लिसरीनचा

२१ डिसेंबर

आज आलं एकदाचं ते चेहऱ्याला लावायचं हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम. ५९९ रुपये, ३० मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीपेक्षाही लहान. घेतलं कारण गेल्या आठवड्यात सकाळी स्कूटीवरून सातपूरला जाताना गार वारा लागून लागून माझे गाल पार उललेत, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटलेत आणि परवा ऑफिसात एकीने सरळ विचारलं, काय गं बरं नाहीये का तुला. निफाडहून जाऊबाईंचा फोन होता, तिकडे पारा ६ वर आलाय, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या करतायत. द्राक्षांना शेकोटी आणि मला सीरम, आपापली पद्धत.

रात्री लावलं. पाण्यासारखं दिसतं पण दोन बोटांत घेऊन बोटं लांब केली की बारीक तार सुटते, पाकाला एकतारी येते ना तश्शी. वास नाही काही. लावल्यावर पाच मिनिटं चेहरा असा टवटवीत की मी आरशासमोरून हलेचना. मग चिकट. मग उशीला केस चिकटले, गालाला उशी चिकटली, झोपले तशीच.

२४ डिसेंबर

चार दिवस झाले आणि मला वाटतंय चेहरा आधीपेक्षा वाईट झालाय. खरंच. सकाळी लावून निघाले की अकरापर्यंत कातडी अशी ताणते की हसताना गाल दुखतो. वर सनस्क्रीन लावलं तर त्याचे गोळे निघाले, वहीवर खोडरबर घासल्यावर मळ सुटतो ना तसे, आणि ते मला लिफ्टच्या आरशात दिसले, तोवर चार जणांना गुड मॉर्निंग करून झालेलं. ५९९ गेले पाण्यात असं म्हणायचीही सोय नाही, पाणीच तर नाहीये चेहऱ्यात.

२६ डिसेंबर

लेक हॉस्टेलवरून आली. बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे घरात आता प्रत्येक बाटली उलटी करून वाचली जाते. तिने आधी विचारलं, कोरड्या तोंडावर लावतेस का? म्हटलं हो, तोंड धुते, नॅपकिनने कोरडं करते, बेडरूममध्ये येते, कपाटातून बाटली काढते आणि लावते. आणि वर क्रीम? म्हटलं क्रीम कशाला, मग सीरम कशाला घेतलं?

तिने कपाळाला हातच लावला. तिचं म्हणणं, हे हायलुरॉनिक ॲसिड स्वतः ओलावा देत नाही, ते पाणी धरून ठेवतं. ओल्या चेहऱ्यावर लावलं तर ते पाणी धरतं, वरून क्रीम लावलं तर ते उडत नाही. आणि कोरड्या हवेत कोरड्या तोंडावर नुसतंच लावलं तर बाहेरून ओढायला पाणीच नाही, मग ते आतल्या थरातलंच वर ओढतं आणि तेही वाऱ्यावर उडून जातं. म्हणजे चार दिवस मी पैसे देऊन स्वतःला वाळवत होते. आणि हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, डॅम्प स्किन, म्हणजे ओलसर कातडीवर लावा म्हणून. चष्मा कोण लावतंय.

आईंनी (सासूबाई) सगळं ऐकलं आणि विचारलं, पण हे असतं कशाचं? लेकीने उत्साहात सांगितलं की १९३४ साली अमेरिकेत कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी ते गाईच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळं काढलं, नंतर बरीच वर्षं कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढायचे. आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं आणि तू हे तोंडाला फासून देवघरात दिवा लावतेस?" मग लेकीने घाईघाईने सांगितलं की आता बहुतेक बॅक्टेरियाकडून करून घेतात, आजी, दही विरजतो तसं. दह्यावर प्रकरण मिटलं. पण आईंनी स्वतःची बाटली आणून टेबलावर ठेवलीच. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी, एकाला तीन. चाळीस वर्षं हेच लावतेय म्हणाल्या. पूर्वी लिंबूही पिळायच्या, ते लेकीने बंद केलं, फुटलेल्या गालावर लिंबू म्हणजे जाळच.

तर ठरलं असं. उद्यापासून डाव्या गालाला सीरम, उजव्याला आईंचं मिश्रण. दोन्हीकडे तोंड ओलं असतानाच, आणि दोन्हीकडे वरून तेच साधं क्रीम. रोज सकाळी साडेसातला बाल्कनीच्या दारात उभं राहून दोन्ही बाजूंचे फोटो.

३१ डिसेंबर

ताणणं थांबलं. दोन्हीकडे. पापुद्रेही गेले, नाकाच्या उजव्या कडेला थोडे आहेत पण मी ते नखाने काढत बसते त्यामुळे तो दोष ग्लिसरीनच्या माथी मारणार नाही.

२ जानेवारी

चष्मा लावून सीरमचं खोकं वाचलं आज. यादीत आधी ज्याचं प्रमाण जास्त ते लिहितात, हे लेकीनेच सांगितलं होतं. पहिलं पाणी. दुसरं, ग्लिसरीन! हायलुरॉनिक त्याच्या बरंच नंतर. मी मोठ्याने हसले तर आतून नवरा म्हणाला काय झालं. आईंना सांगितलं नाही अजून. सांगितलं तर संक्रांतीला येणाऱ्या प्रत्येक बाईला कळेल.

९ जानेवारी

दोन आठवडे. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले, मोठे करून बघितले. प्रामाणिकपणे सांगायचं तर हाताला डावा गाल किंचित मऊ लागतो, डोळ्याखालच्या बारीक रेघा लावल्यावर तासभर भरल्यासारख्या दिसतात, संध्याकाळी पुन्हा होत्या तिथे. डाग तसेच. रंग तसाच, आणि तो बदलणार असं कुणी म्हणालंही नव्हतं, माझंच मन हावरट. सीरमची एक गोष्ट मात्र कबूल, दोन मिनिटांत मुरतं. ग्लिसरीनवर ऑफिसला निघालं की त्र्यंबक रोडची सगळी धूळ उजव्या गालावर येऊन बसते. म्हणून सकाळी सीरम आणि रात्री ग्लिसरीन असं बरं पडेल. सनस्क्रीन आता मी क्रीम मुरल्यावर पाच मिनिटं थांबून, न चोळता थापते, गोळे निघत नाहीत. तेवढ्यात डबा भरून होतो.

लेकीची परीक्षा घेतली, सांग कुठला गाल सीरमचा. निरखून निरखून बघितलं आणि उजवा म्हणाली. फार्मसीवाली.

१४ जानेवारी

हळदीकुंकवाला शेजारच्या काकू म्हणाल्या चेहरा छान तुकतुकीत दिसतोय गं, काय लावतेस? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "माझं ग्लिसरीन." मी तिळगूळ पुढे केला.

सीरम अजून अर्ध्याच्या वर शिल्लक आहे. बाटली कपाटातून काढून बाथरूममध्ये बेसिनवर ठेवलीये, ब्रशच्या शेजारी, कारण बेडरूमपर्यंत येईतो या थंडीत तोंड वाळतं. आज बघितलं तर तिच्या शेजारी आईंची बाटलीही आलेली.