दादाचा दवाखान्यातला चौथा दिवस

आज दादाने चहाचा कप स्वतःच्या हाताने धरला. बशीत थोडा सांडला, पण धरला.

रविवारी त्याने दारू एकदम बंद केली. आम्ही सगळे खूश! सोमवारी हात थरथरायला लागले, घाम, झोप नाही. मंगळवारी रात्री भिंतीवर किडे दिसतायत म्हणून ओरडत उठला. आई अंगारा लावत होती. मी पोवई नाक्यावरून रिक्षा आणली.

डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, वेळेत उपचार नसतील तर जीवही जातो. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालू आहेत. झोपेच्या वाटणाऱ्या त्या गोळ्या खरं तर मेंदू शांत करायच्या, रोज थोड्या कमी करत नेणार. पुढे समुपदेशन, तेही घरच्यांसकट. आणि आम्ही त्याला ‘मनावर घे’ एवढंच सांगत आलो!

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथेच राहून सहा वर्षं ‘लोक काय म्हणतील’ म्हणत गप्प बसलो, याचं फार वाईट वाटतं.

संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आली. दादा म्हणाला, “तू जेवलीस का?”

ती पॅसेजमध्ये जाऊन खूप वेळ रडली.