आमची वाटचाल : कणकुंबीच्या रस्त्याने

बंद पडलेली दुचाकी आहे तिथे जाऊन चालू करून देणे, आणि तिथे होण्यासारखे काम नसेल तर ती उचलून आणणे, हा आमचा व्यवसाय २०११ मध्ये बेळगावात खानापूर रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या गाळ्यात सुरू झाला. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात नऊ वर्षे फिटर होतो, आणि माझे भागीदार अप्पा यांच्याजवळ एक जुना छोटा हत्ती (टाटाचा लहान मालवाहू टेम्पो) होता. अप्पा बैलहोंगलकडचे. रात्री अकराला फोनवर कोणी कन्नडमध्ये ‘गाडी निंतैती’ (गाडी बंद पडली आहे) म्हणाले की पत्ता अप्पांनी समजून घ्यायचा, मराठीत बोलणारा असला तर मी, ही वाटणी पहिल्याच महिन्यात ठरली. निपाणीच्या तवंदी घाटापासून गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ल्याच्या जंगलापर्यंतचा टापू आम्ही आमचा मानला.

छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम सात फुटांचा असतो. त्यात स्प्लेंडर सरळ बसते, बुलेट मात्र तिरकी घ्यावी लागते. सुरुवातीला आम्ही काथ्याच्या दोराने गाडी आवळत असू, पण पावसात दोर भिजला की प्रत्येक वळणाला उतरून तो पुन्हा ओढावा लागे. पुढे पुढच्या चाकासाठी लोखंडी खाच, चढवण्यासाठी खरबरीत पत्र्याची फळी आणि रॅचेटचे (खटका ओढून आवळायचे) चार पट्टे अशी सामग्री मी जमवली, आणि ती खाच मी स्वतः वेल्डिंग केलेली आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना सांगावेसे वाटते की पट्टा हँडलच्या टोकाला कधीही अडकवू नये. कापडी लूप घालून तो फोर्कच्या खालच्या टीवर (पुढच्या चाकाचे दोन्ही दांडे जोडणाऱ्या खालच्या पट्टीवर) घ्यावा, आणि पुढचे शॉकअप निम्मेच दाबावे. पूर्ण दाबून बांधले तर ऑइल सील जाते आणि गिऱ्हाइकाला भुर्दंड पडतो.

टिळकवाडीत राहणाऱ्या आणि जांबोटीच्या पुढे एका शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत त्यांच्या स्कूटरचा बेल्ट तुटला. इंजिन चालू होते, चाक फिरत नव्हते, आणि त्या पावसात क्लचचे कव्हर रस्त्यावर उघडणे योग्य नव्हते. गाडी हौद्यात आणि बाईंना पुढे बसवून आम्ही घरी सोडले. त्यांनी पावती मागितली. आमच्याकडे पावतीपुस्तक नव्हते. तेव्हा त्यांनीच वहीच्या पानावर तारीख, गाडीचा नंबर, ठिकाण आणि रक्कम लिहून खाली सही केली आणि सांगितले, ‘याची एक प्रत तुमच्याजवळ ठेवत जा.’ त्या दिवसापासून आमच्याकडे कार्बन घातलेली वही आहे, आणि सही घेतल्याशिवाय आम्ही गाडी हातावेगळी करत नाही.

२०१७ मध्ये विम्यासोबत रस्त्यावरची मदत विकणाऱ्या एका बाहेरगावच्या कंपनीने आम्हाला काम दिले. केसमागे दर ठरला, पहिले काही महिने पैसे वेळेवर आले, म्हणून मी कर्ज काढून दुसरी गाडी घेतली आणि दोन मुले कामाला ठेवली. नंतर नियम आला की जागेवरूनच अर्ध्या तासात चार फोटो ॲपवर चढले पाहिजेत. चोर्ल्याच्या रस्त्यावरच्या कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्या जंगलात मोबाइलची रेंज किती मिळते हेही माहीत असते. आम्ही गाडी घेऊन जांबोटीच्या अलीकडे येईपर्यंत ॲपवर केस रद्द झालेली असे. रेंज असेल तिथे येऊन फोटो काढा, असे फोनवर सांगत, आणि तसे काढले तर ठिकाण जुळत नाही म्हणून बिल नाकारत. २०१८ च्या एका पावसाळ्यात अशा ४३ केसेसचे पैसे बुडाले. माणसे घरी पोहोचली होती, त्यांच्या सह्या वहीत होत्या, पण वही ग्राह्य नाही असे आम्हाला कळवण्यात आले. तीन हप्ते थकले. दिवाळीपूर्वी दुसरी गाडी विकली आणि दोन्ही मुलांना काम सोडायला सांगावे लागले. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. आमच्यानंतर ज्याने ते काम घेतले, त्याने कणकुंबीकडची केस घेणेच बंद केले. त्याची बिले निघत राहिली आणि लोक घाटात ताटकळत राहिले, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

२०१९ च्या जूनमध्ये बाई गाळ्यावर आल्या. शाळेतल्या व आसपासच्या अकरा शिक्षकांकडून प्रत्येकी ६०० रुपये वर्षाचे आगाऊ म्हणून जमवून, गाड्यांच्या नंबरांच्या यादीसह त्यांनी पाकीट दिले. ते मी मागितले नव्हते. त्या पैशांत अप्पांच्या गाडीचे मागचे दोन टायर बदलले. ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि रस्ता बंद झाला. पाणी ओसरल्यावर निपाणीच्या बाजूने बुडालेल्या गाड्यांचे इतके फोन आले की त्या टायरांवर आम्ही दिवसरात्र धावलो. पाण्यात बुडालेल्या गाडीचे स्टार्टरचे बटण दाबू नये, हे तेव्हा प्रत्येकाला सांगत होतो आणि आताही सांगतो. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावे, आणि ऑइल दुधासारखे दिसले तर ते पूर्ण बदलावे.

त्यानंतरची वर्षे नीट गेली. कर्ज फिटले, त्या दोन मुलांपैकी एक परत आला. आता इलेक्ट्रिक स्कूटर येतात; मागच्या चाकात मोटर असलेली स्कूटर ते चाक रस्त्यावर फिरवत ओढून नेऊ नये, कारण फिरणारी मोटर वीज तयार करते आणि मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर जळू शकतो. ती हौद्यातच घ्यावी.

गेल्या पावसाळ्यात त्याच कंपनीचा पुन्हा फोन आला. आधी ४३ बिले भागवा, मग पुढचे बोलू, असे मी सांगितले. २०१८ च्या वह्या गाळ्यातल्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवल्या आहेत. ज्याला पाहायच्या असतील त्याने खुशाल येऊन पाहाव्यात. प्रत्येक नोंदीखाली गाडीमालकाची सही आहे.